गुरुजींना काय द्यायचे?

पोळा आणि पाच सप्टेंबर बहुतेक वर्षी थोडे मागेपुढे पडतात. त्यामुळे आमच्या भंडाऱ्यात एक गमतीचा व्यवहार होतो. तान्ह्या पोळ्याला पोरे आपले लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात, लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. कुणी पाच रुपये, कुणी दहा, जवळचा काका असला तर पन्नासची नोट. पूर्वी हा बोजारा भोवऱ्यात, गोट्यांत आणि बर्फाच्या गोळ्यात विरघळून जायचा. आता तो गांधी चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात जमा होतो. ‘सरांसाठी’ पेन, ‘मॅडमसाठी’ भेटकार्ड, फोटो छापलेला कप, काचेच्या गोळ्यातले लुकलुकणारे झाड. दुकानदार हुशार आहेत. लाकडी बैल उचलले की त्याच फळीवर ते हा माल मांडतात.

यात वाईट काय, असे कुणीही विचारील. मुलाने आपल्या खाऊच्या पैशातून गुरुजींसाठी पेन घेतले, यापेक्षा गोड गोष्ट ती कोणती? मलाही ती गोडच वाटते. पण गेली काही वर्षे मी पाहतो आहे, पाच सप्टेंबर जवळ आला की घराघरांत वेगळीच बोलणी सुरू होतात. ‘गेल्या वर्षी त्या अमुकने घड्याळ दिले होते.’ ‘आपण नुसते फूल दिले तर बरे दिसेल का?’ ‘वर्गशिक्षिकेला वेगळे आणि बाकीच्यांना वेगळे द्यायचे का?’ आणि सगळ्यांत शेवटी, जरा आवाज खाली करून, ‘दहावीचे वर्ष आहे, लक्षात ठेव.’ हा शेवटचा वाक्प्रयोग ऐकला की माझ्यातला जुना बँक अधिकारी कान टवकारतो.

तो का टवकारतो ते सांगतो. मी साडेतीन दशके बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. दिवाळीच्या आधी शाखेत मिठाईचे डबे येत. राइसमिलवाले, ट्रॅक्टरवाले, किराणा दुकानदार, कंत्राटदार, सगळ्यांचे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतल्या एका शाखाधिकाऱ्यांची या डब्यांबाबत पक्की पद्धत होती. डबा किती किलोचा आहे हे ते पाहतच नसत. ते विचारत, ‘याचा अर्ज टेबलावर आहे का?’ ज्याचा कर्जाचा अर्ज विचाराधीन आहे त्याचा डबा नम्रपणे परत. ज्याने कर्ज फेडून खाते बंद केले आहे, त्याचा डबा लगेच फोडायचा आणि शिपायापासून सगळ्यांनी खायचा. एकदा एका राइसमिलवाल्याने विचारले, ‘साहेब, मागच्या वर्षी तुम्हीच माझा पेढा खाल्ला, यंदा का नको?’ साहेब म्हणाले, ‘मागच्या वर्षी तुम्ही आमचे कोणी नव्हता. यंदा तुमची फाइल माझ्या खणात आहे.’

ही कसोटी मी शिक्षकांच्या भेटीला लावून पाहिली आणि अडलो. कर्जदाराचा अर्ज महिना-दोन महिने टेबलावर राहतो. शाळेतल्या मुलाचा अर्ज जूनपासून एप्रिलपर्यंत टेबलावरच असतो. त्याला पहिल्या बाकावर बसवायचे की शेवटच्या, स्नेहसंमेलनात घ्यायचे की नाही, तोंडी परीक्षेत पाचपैकी किती गुण द्यायचे, हे रोज ठरत असते. म्हणून मुलगा वर्गात असताना त्याच्या घरून आलेली वस्तू कितीही प्रेमाची असली तरी ती टेबलावर अर्ज असलेल्या माणसाची वस्तू होते.

आता या पाच सप्टेंबरचा इतिहास थोडा पाहू, कारण तो आपण विसरलो आहोत. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा. १९६२ साली ते राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्याच १९६२ साली केंद्र सरकारने शिक्षक कल्याणासाठी एक राष्ट्रीय निधी उभा केला. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, शिक्षक दिनाला शाळेत छोटे कागदी ध्वज येत. ते विकत घ्यायचे, टाचणीने खिशाला लावायचे. जमलेले पैसे या निधीत जात आणि आजारी, अडचणीत सापडलेल्या, निवृत्त शिक्षकांना आणि त्यांच्या कुटुंबांना त्यातून मदत होई. म्हणजे मूळ कल्पनेत शिक्षक दिनाची भेट होतीच, पण ती कोणत्या शिक्षकाला मिळणार हे देणाऱ्याला माहीत नसे आणि ती कोणी दिली हे घेणाऱ्याला माहीत नसे. ते ध्वज मागे पडले आणि भेटकार्डे पुढे आली.

त्याहून मागे जायचे तर आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. पंतोजींना ठरलेला पगार नसे. अमावास्या-पौर्णिमेला शिधा, सणासुदीला पोस्त, सुगीत धान्य, यावर त्यांचे घर चाले. ती खरे तर भेट नव्हतीच, फी होती, फक्त तिला नाव भेटीचे होते. पंतोजींच्या छडीबद्दल आपण खूप वाचले आहे. ज्याच्या घरचा शिधा वेळेवर येत नसे, त्याच्या तळहातावर ती छडी जास्त वेळा पडत असणार, असा माझा अंदाज आहे. सरकारी शाळा आली, गुरुजींना दरमहा पगार सुरू झाला, तेव्हा शिक्षकाची कुटुंबाच्या धान्याच्या कोठीवरून सुटका झाली, हे आपण लक्षातच घेत नाही.

आणि अजून मागे, पार कालिदासापर्यंत गेलो तर कौत्साची गोष्ट भेटते. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ती आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स शिक्षण संपल्यावर गुरूला म्हणतो, दक्षिणा काय देऊ? गुरू म्हणतात, तू इतकी वर्षे मनापासून सेवा केलीस तीच दक्षिणा. शिष्य ऐकत नाही, पुन्हा पुन्हा विचारतो. शेवटी गुरू चिडून म्हणतात, मी तुला चौदा विद्या शिकवल्या, आण चौदा कोटी! बिचारा कौत्स रघुराजाच्या दारी जातो. आपल्याकडची दसऱ्याची कथा याच गोष्टीला जोडली आहे. कौत्साने चौदा कोटीच मोहरा घेतल्या, उरलेल्या आपट्याच्या झाडाखाली लोकांनी लुटल्या, म्हणून आपण दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो. कथाकीर्तनात या गोष्टीचा चौदा कोटींचा भाग रंगवून सांगतात. मला त्यातले पहिले उत्तर जास्त महत्त्वाचे वाटते. गुरूला काही नको होते, आग्रह शिष्याचा होता. आणि तोही शिक्षण पुरे झाल्यावरचा. कौत्साचा अर्ज टेबलावर नव्हता.

आजच्या भंडारा जिल्ह्यात मात्र ‘शिक्षक’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांना लागू होतो आणि भेटीचा प्रश्न दोघांच्या बाबतीत उलटसुलट आहे. पासबुकांवरून मला हे जितके कळले तितके कोणत्याही अहवालावरून कळले नसते.

एक शिक्षक जिल्हा परिषदेचा. सातवा वेतन आयोग २०१९ पासून राज्यात पगारात दिसू लागला. काही वर्षे नोकरी झालेल्या प्राथमिक शिक्षकाचा पगार आज साठ-सत्तर हजारांच्या घरात जातो. (त्याआधीचा शिक्षणसेवक म्हणून काढलेला काळ वेगळा. २००० साली ती योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला तीन हजार मिळत, मग सहा हजार, आणि सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षांत यांनी घर कसे चालवले हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.) त्याच्या वर्गातली मुले कोणाची? लाखांदूर, पवनी, साकोलीकडच्या धानाच्या बांध्यांत राबणाऱ्यांची, तेंदूपाने तोडणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्यांची. रोजगार हमीचा राज्याचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. अशा घरातून शंभर रुपयांची वस्तू गुरुजींकडे जाते, तेव्हा ती खालून वर जाते. एका दिवसाच्या मजुरीचा तिसरा हिस्सा.

दुसरी शिक्षिका शहरातल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेतली. आमच्या शाखेत अशा कितीतरी तरुण बायकांची पगाराची खाती होती. कुणाचे आठ हजार, कुणाचे दहा, बी.एड. झालेल्या, एखादी एम.एस्सी. सुद्धा. सुटीच्या महिन्यांत खात्यात काहीच जमा नाही. त्यांच्या वर्गातली मुले डॉक्टरांची, कंत्राटदारांची, अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची. तिथे पालक भेट देतात ती वरून खाली येते. दिवाळीला आपण दूधवाल्याला, पेपरवाल्याला पोस्त देतो त्या चालीची. साडीचे पुडके देताना आईच्या चेहऱ्यावर जो उदारपणा असतो, तो पाहून त्या शिक्षिकेला काय वाटत असेल? एका शिक्षिकेने मला सांगितले होते, ‘सर, साडी नको, त्यापेक्षा पालकसभेत हेच लोक मे महिन्याच्या पगाराबद्दल संस्थाचालकांना एक प्रश्न विचारतील तर बरे होईल.’ तो प्रश्न कुणी विचारत नाही. साडी स्वस्त पडते.

खालून वर जाणाऱ्या भेटीचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निवृत्तीच्या आधी काही वर्षे महिला बचत गटांचे काम माझ्याकडे होते. पवनी तालुक्यातल्या एका गावात गटाची अंतर्गत कर्जवही तपासत होतो. गटातल्या बायका आपसांत लहान कर्जे देतात आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहितात. बियाणे. दवाखाना. तेरवी. पोरीचे कपडे. त्या पानावर एके ठिकाणी लिहिले होते, ‘शिक्षक दिन, २०० रु.’ मला वाटले गटाने शाळेला काही दिले असेल. विचारले, तर मागे बसलेली एक बाई हळूच म्हणाली, ‘माह्या पोराचा हाय सायेब. पोट्टा मनते, गिफ्ट नाई तं शाळेत नाई जात.’ दोघे भाऊ एकाच शाळेत, दोन वर्ग, दोन गुरुजी. प्रत्येकी शंभर. गटाचे व्याज शेकडा दोन दरमहा. तिने तीन हप्त्यांत ते फेडले, वहीत तशी नोंद होती.

त्या शाळेतल्या गुरुजींनी काही मागितले होते का? अजिबात नाही. मी मुद्दाम नंतर त्या गावात चौकशी केली. दोघेही भले शिक्षक होते. एकाने तर पोरांना स्वतःच्या पैशाने वह्या घेऊन दिलेल्या. पण मागच्या वर्षी टेबलावर वस्तूंची रास लागली होती, फोटो निघाले होते आणि ज्यांनी काही आणले नव्हते ती सात-आठ पोरे मागे भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्यात हा पोरगा होता. एवढेच घडले होते.

यात महिन्याचाही हात आहे, हे शेतीशी संबंध नसलेल्यांच्या ध्यानात येत नाही. धानाच्या जिल्ह्यात सप्टेंबर हा सगळ्यांत कोरडा महिना. आभाळातून पाणी पडत असते, पण खिशात काही नसते. पीककर्ज जून-जुलैत उचलून रोवणीच्या मजुरीत, खतात संपलेले असते. हलके धान निघायला दसरा उजाडतो, भारी धान त्यानंतर. खरेदी केंद्रावर माप होऊन पैसे खात्यात यायला दिवाळीही उलटून जाते. ख्रिस्ती शाळांत नाताळला शिक्षकांना भेटी देण्याची चाल आहे, ती निदान हिशेबाने तरी आमच्या शेतकऱ्याला जास्त सोयीची. डिसेंबरात कोठीत धान असते. राधाकृष्णन यांच्या जन्मतिथीला आपण काय करणार!

कायदा काय म्हणतो? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे. सार सांगायचे तर, ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून भेटवस्तू घ्यायची नाही. लग्नकार्य, धार्मिक समारंभ अशा रूढ प्रसंगी नातलग आणि मित्र यांच्याकडून घेता येते, आणि ती मोठी असेल तर वरिष्ठांना कळवायची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणीही बंद केली आहे. अर्थात दहा रुपयांच्या गुलाबासाठी कुणी नियमपुस्तक उघडावे असे मी म्हणणार नाही. नियम पेनासाठी लिहिलेले नसतात. पण ज्या तत्त्वावर ते उभे आहेत ते तत्त्व माझ्या जुन्या साहेबांच्या मिठाईच्या डब्याचेच आहे.

इथे कुणीतरी हसून म्हणेल, तुम्ही पेनाच्या गोष्टी कसल्या करता? एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागातले शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले. बनावट कागदपत्रांवर नेमणुका, बनावट आयडी आणि त्यावर सरकारी तिजोरीतून पगार, असे आरोप. शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. आणि त्याचा सुरुवातीचा धागा निघाला तो आपल्याच जिल्ह्यातून, लाखनी तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाच्या नेमणुकीतून. जिथे नोकरी लावण्यासाठी लाखांचे आकडे उघड बोलले जातात, तिथे शिक्षक दिनाच्या कपबशीवर अग्रलेख कशाला?

आक्षेप वजनदार आहे. पण मी तो उलटा करून पाहतो. खासगी संस्थेत नोकरी लागताना द्यावे लागते त्याला आपण काय म्हणतो? लाच म्हणत नाही. ‘डोनेशन’ म्हणतो. देणगी! शाळाप्रवेशाला द्यायचे तेही डोनेशन, बदलीसाठी द्यायचे ती ‘चहापाण्याची सोय’. देण्याघेण्याचे सगळे शब्द आपण प्रेमाच्या कोशातून उचलले आहेत. मुलाला वयाच्या आठव्या वर्षी पहिला धडा मिळतो तो ‘दहावीचे वर्ष आहे, लक्षात ठेव’ याचाच धाकटा भाऊ असतो: ‘सरांना चांगले काहीतरी दे, म्हणजे लक्ष देतील.’ हे वाक्य मी चांगल्या घरांतून ऐकले आहे. देणारी आई लाचखोर नसते, घेणारा शिक्षकही नसतो. पण मूल जे शिकायचे ते शिकते.

बाहेरचे लोक यावर काय करतात, हे मला माझ्या पुतणीमुळे कळले. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिकडे नाताळात शिक्षकांना भेट देण्याचा मोठाच प्रघात. पहिल्या वर्षी तिने फोन केला, ‘काका, आंधळगावचा कोशाचा दुपट्टा पाठवा, मुलीच्या टीचरला द्यायचा आहे.’ मी हौसेने पाठवला. मग तिला कळले की तिथल्या राज्याच्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकाला पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट पालकाकडून घेता येत नाही. दुपट्टा पन्नासच्या आत बसतो की नाही यावर आम्ही दोघांनी फोनवर बराच खल केला, डॉलरचे रुपये करून आणि रुपयांचे डॉलर करून. पण मला त्या नियमातला पुढचा भाग आवडला. सगळ्या वर्गाने मिळून दीडशे डॉलरपर्यंतची एकच भेट द्यायला तिथे मुभा आहे. अट एवढीच की कुणी किती दिले, आणि दिले की नाही, हे शिक्षकाला कळता कामा नये. कार्डावर लिहायचे, ‘वर्गाकडून’. बस्स. मला एकदम आपले ते १९६२ चे कागदी ध्वज आठवले.

हे सगळे बोलताना एक बाजू राहून जाते. भेटी फक्त विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे जातात असे आपण गृहीत धरतो. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनही केळुसकरांनीच शब्द टाकला. त्या एका पुस्तकाचे काय झाले हे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात साऱ्या जगाने पाहिले. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना लोकसभेत पाठवले नाही, त्या भंडाऱ्याने तरी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि अगदी अलीकडे, डिसेंबर २०२० मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. मराठी शिक्षकाला इतकी मोठी भेट कधी मिळाली नव्हती आणि त्याने ती घेतानाच अर्धी देऊन टाकली.

मग द्यावे तरी काय? माझा एक शेजारी पस्तीस वर्षे गुरुजी होता. मोहाडी, तुमसर, लाखनी, सगळीकडे बदल्या होऊन आला. मी त्याला सरळ विचारले, ‘इतक्या वर्षांत मिळालेल्या वस्तूंतले आज घरात काय आहे?’ तो हसला. घड्याळे पुतण्या-भाच्यांच्या लग्नांत आहेर म्हणून गेली. शालींची एक पेटी भरली, तीही निरोप समारंभांत पुढे सरकते. (आपल्याकडची शाल बहुधा कधीच कुणी पांघरत नाही, ती फिरत राहते.) पेने वाळली. पितळी समई मात्र देवघरात आहे. भंडाऱ्याच्या पितळेचीच, एका गावाने बदली झाली तेव्हा वर्गणी करून दिलेली. आणि एका पिशवीत पोस्टकार्डे. सैन्यात गेलेल्या पोराची, नर्स झालेल्या पोरीची, सनफ्लॅगमध्ये लागलेल्या एकाची. ती पिशवी त्याने मला उघडून दाखवली नाही, नुसती वर फळीवर दाखवली.

समई आणि पोस्टकार्डे, दोन्ही अर्ज निकालात निघाल्यावरची. बदली झाली, गाव सुटले, मूल मोठे झाले, आता त्या गुरुजींकडून काही मिळायचे नाही, अशा वेळी जे येते ते घ्यायला कुणाचाच हात अडत नाही. म्हणून माझे मत विचाराल तर मूल वर्गात आहे तोवर आईबापांनी वस्तू पाठवू नये. मुलाने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात, चित्र काढावे, दसऱ्याला आपट्याची दोन पाने द्यावीत. (दोनच. डहाळी ओरबाडू नये, जंगलात आपटे आधीच कमी उरलेत.) फारच उमाळा आला तर सगळ्या वर्गाने मिळून शाळेला काही द्यावे. पाण्याची टाकी, वाचायची पुस्तके, चटई. २०१५ नंतर कितीतरी गावांनी लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळांना टीव्ही आणि प्रोजेक्टर दिले, तेव्हा कोणी किती दिले याची यादी फळ्यावर लावायची सवय काही ठिकाणी होती. ती यादी तेवढी नको. आणि कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. त्या बैठकीला हजर राहणे ही वस्तू दुकानात मिळत नाही, तिला कागदही गुंडाळावा लागत नाही. मुख्याध्यापक एकटेच रजिस्टर भरून सह्यांसाठी घरोघर पाठवतात, हे मी पाहिलेले आहे.

हे सगळे मी गेल्या ऑगस्टमध्ये घरी बोलून दाखवले. नातीच्या वर्गाचा पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यात माझी सून आहे. तिने माझे म्हणणे थोडक्यात तिथे टाकले. ‘वस्तू नकोत, शाळेच्या वाचनालयासाठी बंद डबा ठेवू, ज्याला जे टाकायचे ते टाकेल, नाव नाही, आकडा नाही.’ दोन दिवस गटात चर्चा चालली. एक गृहस्थ म्हणाले, मग आमच्या मुलाने दिले हे मॅडमना कळणार कसे? एक ताई म्हणाल्या, डब्यात कुणी काहीच टाकले नाही तर? तिसऱ्या म्हणाल्या, केक तर आणलाच पाहिजे, मुले वाट पाहतात. केक मान्य झाला. डबाही मान्य झाला. एका आईने तर मला वेगळा निरोप पाठवला, ‘आबांना थँक्यू सांगा, या महिन्यात माझी फार ओढाताण होती.’ मग शेवटचा प्रश्न आला. डबा उघडून पैसे मोजणार कोण? कुणाचा कुणावर भरवसा बसेना. तेवढ्यात कुणीतरी लिहिले, गटात एक रिटायर्ड बँकवाले आजोबा आहेत ना?

पाच सप्टेंबरच्या संध्याकाळी डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. चौतीस मुलांच्या वर्गातून चार हजार एकशे बारा रुपये निघाले. त्यात पाचशेच्या दोन नोटा होत्या, वीस-वीसच्या पुष्कळ, आणि एक-दोन रुपयांची नाणी इतकी की नात म्हणाली, ‘आबा, हा बोजारा आहे.’ मी दोनदा मोजले, सवयीने.